गेटवरच्या वह्या

महाडात नदीकडच्या आळीतल्या घरांमध्ये मे महिना संपता संपता एक काम होतं, ते आमच्याकडेही व्हायचं. बाबा स्टुलावर चढत, आई खालून जाड प्लास्टिकच्या पिशव्या वर देई, आणि घरातले सगळे कागद गाठी मारून माळ्यावर जात. घरपट्टीच्या पावत्या, रेशनकार्ड, माझे शाळेचे निकाल, आजोबांच्या निरोप समारंभाचा फोटो, सगळं. दिवाळीच्या साफसफाईला ते खाली उतरत. मधल्या महिन्यांत कुणी काही मागितलं तर बाबा "ते माळ्यावर आहे" असं सांगत, एखादा नातेवाईक परदेशी गेलाय असं सांगावं तसं. पूर दरवर्षी येत नाही, पण पिशव्या दरवर्षी वर जातात. अशा घरात वाढल्यामुळे कागदाला भीती असते ती पाण्याची, असंच मी धरून चालले होते. माणसांचीही असते, आणि ते माणूस मी असू शकते, हे मला बाविसाव्या वर्षी कळलं. कळलं म्हणजे पूर्ण कळलं असं नाही. आज इतक्या वर्षांनी लिहायला बसले आहे तरी त्यातल्या काही गोष्टींपुढे मी तेव्हाइतकीच गोंधळून उभी राहते.

मी इंग्रजी शाळेत शिकले. ती बाबांची हौस. मराठी एक विषय होता, छापील पुस्तकातला, स्वच्छ अक्षरांचा. हाताने घाईघाईत, वरची रेघ न ओढता लिहिलेलं मराठी पुढे आलं की मी एकेक अक्षर लावत बसे, आणि शेवटच्या शब्दापर्यंत पोचेस्तोवर पहिला विसरलेली असे. बोलण्याचंही तेच. चार माणसांत कुणी काही विचारलं तर उत्तर मी आधी मनात इंग्रजीत जुळवी, मग मराठीत, तोवर विषय पुढे गेलेला असे. लोक म्हणत, मुलगी शिष्ट आहे. आई म्हणे, "शिष्ट नाय हो ती, उशिरा पोचते." आईचं माहेर पोलादपूर तालुक्यातलं, कापड्याच्या बाजूचं. एरवी ती महाडच्या बायकांसारखंच बोले, पण माझी बाजू घ्यायची वेळ आली की तिचं 'नाय' परत येई.

कॉलेज संपल्यावर वर्षभर मी घरात बसून होते. मग बाबांच्या ओळखीने औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा केमिकल कंपनीत काम मिळालं. हे काम निघालं होतं ते एका फजितीतून. एका मोठ्या गिऱ्हाइकाचा माणूस तपासणीला आला होता आणि त्याने एका जुन्या पिंपाचा कागद मागितला होता. त्या पिंपातला माल कुठल्या दिवशी, कुठल्या पाळीत, कुणाच्या देखरेखीखाली तयार झाला, एवढंच त्याला बघायचं होतं. तीन दिवस अख्खी कंपनी तो कागद शोधत होती. सापडला तेव्हा तो गणपती मंडळाच्या फाईलमध्ये होता, आणि तपासणीचा माणूस निघून गेला होता. त्यानंतर गोदामामागच्या खोलीच्या दारावर 'रेकॉर्ड रूम' अशी पाटी लागली आणि पाटीखाली मला बसवण्यात आलं. मॅनेजर साठे साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "हे बघा गौरी, जे लागेल ते पाच मिनिटांत मिळालं पाहिजे, आणि जे लागणार नाही ते इथे दिसता कामा नये." मी मान हलवली. काय लागेल आणि काय लागणार नाही हे कसं ओळखायचं, हा प्रश्न माझ्या मनात जुळेपर्यंत साहेब बाहेर पडले होते.

खोलीत गुडघ्याइतक्या उंचीवर भिंतीला पुराच्या पाण्याची तांबूस रेघ होती. त्या रेघेखालच्या मांडण्यांमधले कागद एकमेकांना चिकटून विटांसारखे झाले होते. वरचे बरे होते, पण कशात काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. मला तिथे एकटीला बसायला आवडे. कागद प्रश्न विचारत नाहीत. मुख्य कार्यालयातून एक तक्ता आला होता, त्यात कुठल्या कागदाचं आयुष्य किती ते दिलेलं होतं. हजेरीपट इतकी वर्षं, अपघातांची नोंदवही कायम, गेटवरची नोंदवही तीन वर्षं. तो तक्ता मी टेबलावर चिकटवला. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी सगळी उत्तरं आधीच देऊन ठेवली होती.

गेटवरच्या वह्या कदम काकांच्या. कदम काका म्हणजे आमचे वॉचमन, पोलादपूरच्या पुढच्या एका वाडीतले, साठीला टेकलेले. गेटवर अंगठा लावायचं मशीन बसून बराच काळ झाला होता, तरी काका आपल्या लांबट वहीत प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला लिहीत. वही भरली की ती नीट पुठ्ठ्यात घालून ऑफिसात देत, आणि ऑफिस ती या खोलीत टाकून देई. अशा चौतीस वह्या होत्या. नुसती नावं आणि वेळा असत्या तर मी त्या अर्ध्या दिवसात उरकल्या असत्या. पण काका जे दिसेल ते लिहीत, आणि ते मला वाचता येत नव्हतं, आणि वाचता येत नाही हे ऑफिसात सांगायची माझी छाती नव्हती. म्हणून मी रोज संध्याकाळी दोन-तीन वह्या पिशवीत घालून घरी नेऊ लागले.

त्या संध्याकाळी मला अजून कानांनी आठवतात. आईने मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकलेले असत. ती चष्मा लावून वही मांडीवर घेई आणि वाल सोलायचं काम माझ्याकडे येई. बोटाने दाबलं की डाळिंबी सुळकन बाहेर निघते आणि साल बोटाला चिकटून राहते. शेगडीवर कुकर फुसफुसत असे आणि आई वाचत असे, "'साडेसात. पाण्याचा टँकर. ड्रायव्हर नवा, रस्ता चुकून दोनदा आत आला.' अगो, ऐक हे, 'पवार जेवायला घरी गेला. परत आला नाय, सासू आली.'" आई हसून हसून वही खाली ठेवी. बाबा आधी म्हणाले, "कंपनीचे कागद असे घरी आणणं बरं दिसत नाही." मग दुसऱ्या दिवशी त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि तिसऱ्या दिवशी तो बंदच केला. बिरडं खाताना आम्ही तिघं कंपनीतल्या माणसांबद्दल असं बोलत असू की जणू ती आमच्याच आळीत राहतात. मी मात्र सकाळी ऑफिसात जाऊन यादीत प्रत्येक वहीपुढे एकच विषय लिही: किरकोळ नोंदी.

चौतीस वह्यांपैकी तीस तीन वर्षांहून जुन्या होत्या. तक्ता स्पष्ट होता. मी 'नष्ट करावयाच्या कागदपत्रांची यादी' केली, प्रत्येक ओळ तपासली, खाली सही केली. साहेबांनी वर सही केली आणि म्हणाले, "व्वा. आता खोली खोलीसारखी दिसतेय." भंगारवाल्याचा टेंपो आला, गोण्या भरून गेला. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर खूश होते, हे लिहायला मला लाज वाटते, पण होते.

चौथ्या दिवशी दुपारी दारात दोघे जण उभे राहिले. पुढचा संतोष, आमच्या प्लांटमधला कामगार, त्याला मी चेहऱ्याने ओळखत होते. मागचा त्याच्यासारखाच दिसणारा, थोडा बारीक, काळा चष्मा लावलेला. संतोष म्हणाला, "मॅडम, हा माझा भाऊ, सुनील. एक काम होतं. फेरफार करायचा हाय."

मला वाटलं ते चुकून तलाठ्याचं ऑफिस समजून आलेत. "जमिनीचा?"

"नाय, अपघाताचा," संतोष म्हणाला. "माझ्या नावावर एक अपघात हाय. तो याच्या नावावर करून द्या."

मी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "अपघात नावावर कसा करता येईल?"

"वाटणीत शेत करतात तसा. शेत माझ्या नावावर लागलेला, कसणारा हा. मग तलाठी करतो का नाय नाव? आमी दोघं सही देतो. आमच्यात भांडण नाय."

सुनील मागून हळूच म्हणाला, "दादा, नीट सांग त्यांना. घाबरल्या त्या." आणि त्याने चष्मा काढला. त्याच्या डाव्या डोळ्याचं बुबुळ दुधासारखं पांढरं होतं.

मग संतोषने जे सांगितलं ते मी दोनदा विचारून घेतलं. काही वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत त्याला रजा हवी होती. पण लावणीत सगळ्यांनाच रजा हवी असते, वाडीवाडीतून माणसं चिखलात उतरलेली असतात, आणि प्लांट बंद ठेवता येत नाही. तेव्हाच्या सुपरवायझरने सांगितलं होतं, "रजा नाही. पासावर माणूस आला म्हणजे झालं." मशीन तेव्हा नव्हतं, नुसते पास होते. नांगराला संतोषचा हात चांगला, म्हणून तो शेतावर राहिला आणि त्याच्या पासावर धाकटा सुनील आत आला. असं बरेच जण करत, सगळ्यांना माहीत होतं. तिसऱ्या दिवशी नळीचा जोड सुटून सुनीलच्या डोळ्यात कॉस्टिक सोडा उडाला. पास संतोषचा, म्हणून नोंद संतोषच्या नावाने झाली. औषधं संतोषच्या नावाने मिळाली. सुनील आठ दिवस संतोष होऊन दवाखान्यात पडून राहिला, आणि त्या आठ दिवसांत खरा संतोष गावी गुडघाभर चिखलात लावणी करत होता.

"आता पोलादपूरला डोळ्यांच्या शिबिरात डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून बघता येईल," संतोष म्हणाला. "कामगार विम्यातून मुंबईला धाडतील. पण कंपनीचं पत्र पायजे, का हा अपघात कामावर झाला आणि यालाच झाला. लवकर गेलं तर डोळा येईल म्हणाले. उशीर झाला तर नाय."

मी अपघातांची नोंदवही काढली. पाच मिनिटंही लागली नाहीत. नाव संतोषचं, डोळा डावा. हजेरीपट काढला, त्या दिवशी संतोष हजर. प्रथमोपचाराची चिठ्ठी काढली, संतोष. तीन कागद, तिन्ही माझ्या हातांनी लावलेले, तिन्ही एकमेकांशी जुळणारे. आणि माझ्यासमोर दोन्ही डोळे शाबूत असलेला संतोष उभा होता. मला आधी वाटलं हेच काहीतरी बनवाबनवी करतायत. मग वाटलं, पांढरं बुबुळ कसं बनवतील? मी म्हटलं, "कागदावर तसं नाही." हे वाक्य मी नंतर आयुष्यात कधी कुणाला ऐकवलं नाही.

"कागदावर कसा असेल?" सुनील म्हणाला. तो चिडला नव्हता, हेच मला जास्त लागलं. "गेटवर विचारा ना. कदम काकांनी लिहिला असेल. ते पास बघत नायत, तोंड बघतात."

मी गेटवर गेले. काका चहात खारी बुडवत होते. मी विचारलं तसं त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "लिहिलाय ना. सुनीलला टेंपोत मीच बसवला. वही तुमच्याच खोलीत हाय बघा."

मी मान खाली घातली. खारी चहात पडली तरी काका माझ्याकडे बघत राहिले.

"टाकलीस?"

मी मान हलवली. तक्त्यात तीन वर्षं लिहिलं होतं, एवढं कसंबसं म्हटलं.

"इतकी वर्सं देतोय," काका म्हणाले. "कुणी कधी मागितल्या नायत, ती गोष्ट वेगळी. पण टाकल्याबी नव्हत्या कुणी." त्यांनी कप खाली ठेवला. "मी कशासाठी लिहितो ठाऊक हाय काय तुला? पगारासाठी नाय, त्याला तुमचा हजेरीपट हाय. आतमध्ये आग लागली तर बंबवाला मला विचारणार, किती माणसं हायत आणि कोण कोण. मग मी काय पास दाखवू त्याला? पासाला नाय काढायचा बाहेर, पोरी, माणसाला काढायचा."

आज मी एका रुग्णालयाच्या नोंदणी विभागात काम करते. नव्या मुलांना शिकवताना संस्थेने नोंदी का सांभाळायच्या याची बरीच कारणं मला सांगावी लागतात, कायदा, तपासणी, गिऱ्हाईक, पुरावा. ती खरीच आहेत, आणि मी ती नेटाने सांगते. पण माझ्या मनात दर वेळी खारी बुडालेला तो कप येतो.

घरी गेले ती तशीच स्वयंपाकघरात जाऊन बसले. आईने काही विचारलं नाही, वालाचं भांडं पुढे सरकवलं. चार-पाच डाळिंब्या सोलल्यावर मी सगळं सांगितलं. आई मध्येच थांबली. "अगो, ते मी वाचलंय तुला. डोळ्यात उडालं ते. 'संतोषच्या पासावर सुनील' असं होतं, आणि मी म्हटलं, आमच्याकडेही भाऊ असेच एकमेकांच्या जागी उभे राहतात लावणीला. तू विचारलंस पासावर म्हणजे काय, आणि तेवढ्यात कुकर झाला."

म्हणजे मी ते ऐकलं होतं. माझ्या कानावरून ते गेलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यापुढे 'किरकोळ नोंदी' लिहिलं होतं. वाचता येत नव्हतं ही सबबही गेली. मी रडायला लागले तसे बाबा दारात येऊन म्हणाले, "भंगारवाला सकाळी किती वाजता उघडतो?"

सकाळी आई माझ्याबरोबर आली. भंगारवाल्याने गोण्या पुढे पाठवल्या नव्हत्या, पण काम मात्र सुरू केलं होतं. "पुठ्ठा वेगळा जातो ताई, कागद वेगळा," तो म्हणाला. वह्यांचे पुठ्ठे सोलून एका बाजूला रचले होते, आणि दुसऱ्या बाजूला उघड्या पानांचा ढीग होता. साल आणि महिना काका फक्त पुठ्ठ्यावर लिहीत. आत नुसता वार आणि वेळ. कुठला पुठ्ठा कुठल्या पानांचा, ते आता कुणालाच सांगता आलं नसतं. मी ढिगापुढे उभी राहिले. आईने साडी खोचली आणि पत्र्याच्या डब्यावर बसली. "महिने लिहिलेले नसूदेत," ती म्हणाली. "माणसं कधी कुठं जातात त्यावरनं कळेल. होळीला सगळी पळतात, गणपतीत पळतात. लावणी बघ, चिखलाचे पाय लिहिले असतील." आणि खरंच काकांनी लिहिले होते. 'पायाला चिखल, धुवून आत सोडला.' आम्ही तसल्या ओळी शोधत गेलो. मी उशिरा का होईना, वाचत गेले. दुपारी साडेबाराच्या सुमाराला ते पान माझ्याच हाताला लागलं, आणि मी ते आईच्या मदतीशिवाय वाचलं.

'संतोषच्या पासावर सुनील, तिसरा दिवस. संतोष लावणीला. दहा वाजता आतून ओरडा. सुनीलच्या डाव्या डोळ्यात उडालं. नळाखाली धरला. टेंपोने दवाखाना. आईला कळवू नको म्हणाला.'

त्या पानांचा पुठ्ठा सापडला नाही. पण अपघाताच्या नोंदवहीतल्या तारखेचा वार जुळत होता, वेळ जुळत होती आणि डोळा जुळत होता. बाकीची पानं गोण्यांत परत भरून मागून टेंपोने यायची होती. मी ते पान त्याच्या गठ्ठ्यासकट छातीशी धरून रिक्षात बसले. कंपनीच्या गेटवर उतरताना एक विचार आला आणि मी तिथेच थांबले. ही वही दाखवली तर सुनीलचं काम होईल. पण संतोषने दुसऱ्याला आपल्या पासावर आत पाठवलं, हेही त्याच ओळीत लिहिलेलं होतं. त्यासाठी नोकरी जाऊ शकते. एकाचा डोळा आणि दुसऱ्याचं पोट एकाच वाक्यात होतं, आणि वाक्य अर्धं दाखवता येत नव्हतं. मी प्लांटच्या दारापाशी संतोषला बोलावून तसं सांगितलं. तो बराच वेळ हातमोजा काढत आणि घालत राहिला. मग म्हणाला, "आठ दिवस तो माझ्या नावानं कण्हला, मॅडम. दाखवा."

साठे साहेबांनी पान दोनदा वाचलं. ते वाईट माणूस नव्हते. अपघाताच्या वेळी ते या कंपनीत नव्हतेही. "गौरी, हे काय आहे? वॉचमनची डायरी. आपली अधिकृत नोंद ही," त्यांनी अपघातांच्या नोंदवहीवर बोट ठेवलं. "या वहीवर पत्र द्यायचं म्हणजे आपल्या कंपनीत आत कोण होतं ते आपल्याला माहीत नव्हतं, असं लिहून द्यायचं."

माझं उत्तर नेहमीसारखं उशिरा जुळत होतं. पण या वेळी साहेब बाहेर निघून गेले नाहीत, कारण केबिन त्यांचीच होती. "माहीत होतं, सर," मी म्हटलं. "गेटवर माहीत होतं. इथे माहीत नव्हतं."

मग त्यांनी खणातून माझी यादी काढली. "आणि ही? ओळ तेवीस ते बावन्न, गेट नोंदवह्या, नष्ट. खाली तुमची सही. कागदोपत्री ही वही अस्तित्वातच नाही. उद्या कुणी विचारलं, ही आली कुठून, तर?"

कागदावर तसं नाही. माझंच वाक्य माझ्याकडे परत आलं होतं. मी त्यांच्या टेबलावरचं पेन उचललं, विचारलंही नाही, आणि त्या ओळींच्या बाजूला लिहिलं. इंग्रजीत सोपं गेलं असतं, पण मी मराठीत लिहिलं, वाकडंतिकडं, शाळेतल्यासारखं: 'या वह्या नष्ट झालेल्या नाहीत. भंगारातून परत आणल्या आहेत. पुठ्ठे गेले आहेत. त्या काढण्याचा निर्णय चुकीचा होता आणि तो माझा होता.' खाली सही केली. साहेबांनी यादी स्वतःकडे ओढली, वाचली, आणि फोन उचलून मुख्य कार्यालयाचा नंबर लावला. मला जायची खूण केली.

पत्र निघायला दहा-बारा दिवस लागले. त्या दिवसांत आई माझ्यासाठी बिरड्याऐवजी मऊभात करत असे. पत्र निघालं त्याच दिवशी संतोषला लेखी ताकीदही मिळाली. नोकरी राहिली, पण ताकीद राहिली. ती त्याच्या फाईलमध्ये लावायचं काम माझंच होतं, आणि मी ते केलं. बरोबर केलं का, मला अजून सांगता येत नाही. सुपरवायझर केव्हाच दुसरीकडे गेला होता, त्याच्या फाईलमध्ये काहीच लागलं नाही. सुनीलचं ऑपरेशन झालं. त्या डोळ्याने त्याला पूर्वीसारखं दिसत नाही, पण समोरून येणारं माणूस आहे की म्हैस ते कळतं, असं तो स्वतःच हसत सांगतो. लवकर पत्र मिळालं असतं तर याहून जास्त दिसलं असतं का, हे मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही.

त्या दिवसांत काका माझ्याशी बोलत नव्हते. मी येई, अंगठा लावी, ते वहीत काहीतरी लिहीत, मी आत जाई. पत्र निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मशीनपाशी थांबले आणि म्हटलं, "काका, या वह्यांना आता वेगळी मांडणी केलीय. वरच्या बाजूला, पाण्याच्या रेघेच्या वर. साहेबांनी तक्त्यात बदल मागितलाय, कायम ठेवायच्या म्हणून. पण साल-महिना पुठ्ठ्यावर नको, रोज पानावर लिहाल का?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग टेबलाखालून एक वही काढली, चालूच्या आधीची, भरलेली, पण अजून ऑफिसात न दिलेली. पानं उलटली, एका ठिकाणी बोट ठेवलं आणि वही माझ्यापुढे केली. ती मी कामाला लागले त्या दिवसाची होती. मशीनमध्ये तेव्हा माझा अंगठा घेतलेला नव्हता, आणि ऑफिसच्या हजेरीत माझं नाव पुढच्या आठवड्यात लागलं होतं. म्हणजे त्या दिवशी मी कंपनीत आले होते याची नोंद सगळ्या कंपनीत एवढीच होती.

'नवी पोरगी. ऑफिस. छत्री नाय. नाव विचारलं, सांगितलंन, पण ऐकायला आलं नाय. उद्या परत विचारणे.' पुढे दुसऱ्या दिवशीच्या पानावर: 'तीच. आज पण ऐकायला आलं नाय.' आणि तिसऱ्या दिवशी, आणि पुढे आठ महिने, रोज, एकच शब्द: 'तीच.'

मी चालू वही पुढे ओढली. आजच्या पानावर वेळ लिहून झाली होती, पुढची जागा मोकळी होती. काकांनी पेन उघडून हातात धरलं होतं आणि कान माझ्याकडे केला होता. मी माझं नाव सांगितलं, बाबांच्या नावासकट आणि आडनावासकट, इतक्या मोठ्याने की बाहेर थांबलेल्या टँकरच्या ड्रायव्हरने मान वळवून बघितलं.